मोटारीच्या दिव्यांत शिरलेलें पाणी

जव्हार व मोखाडा हे आपले तालुके डोंगराळ. आषाढांत पावसाची झोड सुरू झाली, कीं त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणांवर भर दुपारींहि धुकें दाटतें. अशा वेळीं वाटसरूचा जीव मोटारीच्या दिव्यांवर अवलंबून असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांप्रमाणें मागील तांबडा दिवा स्वच्छ हवेंत १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे. दिव्यांत पाणी शिरल्यास हें कसें साधावें? म्हणून त्याचें कारण व उपाय आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

दिवा लागला, कीं आंतील हवा तापून प्रसरण पावते व थोडी बाहेर जाते. पुढें पावसाची थंड सर आली, कीं आंतील हवा आकुंचन पावून बाहेरची हवा आंत ओढली जाते. यासाठींच दिव्याच्या पाठीमागें बारीक श्वासनलिका ठेवलेली असते. परंतु हल्लींच्या दिव्याचें भिंग प्लॅस्टिकचें असून तें मागील पेटीस चिकटविलेलें असतें. तो सांधा उकलला, भिंगास चीर गेली, किंवा पाठीमागचें रबरी झांकण सैल झालें, तर हवेबरोबर पाणीहि शोषलें जातें.

भिंगावर पुसट वाफ धरून दिवा लावल्यावर ती कांहीं वेळानें नाहींशी होत असेल, तर चिंता नाहीं. तळाशीं पाणी सांचलें, तर मात्र दुरुस्ती हवी. थेंबांनीं प्रकाश विखुरतो, परावर्तकाचा चकचकीत मुलामा उडतो, बल्बाची बैठक गंजते; आणि तापलेल्या हॅलोजन बल्बावर थेंब पडल्यास तो फुटूं शकतो.

प्रथम बॅटरीची तार सोडवावी. मग दिवा उतरवून बल्ब काढावा, पाणी ओतून टाकावें व कोमट हवेनें दिवा सावकाश वाळवावा. तो विस्तवाजवळ धरूं नये. प्लॅस्टिक वांकडें होतें. परावर्तक फडक्यानें पुसूं नये, मुलामा निघतो.

येथवर काम अर्धेंच झालें. पाण्याची वाट सांपडली नाहीं, तर पुढच्या सरीस तें पुन्हा येणारच. यासाठीं वाळलेल्या दिव्यावर बाहेरून पाणी ओतून तें कोठून झिरपतें, हें पाहावें. विटलेलें रबर बदलावें. उकललेला सांधा दिव्यांसाठींच मिळणाऱ्या लुकणानें भरावा. ज्यास शिरक्यासारखा वास येतो, तें लुकण वापरूं नये, कारण त्याच्या वाफेनें मुलामा खराब होतो. श्वासनलिकेंतील चिखल काढावा, पण ती बुजवूं नये. बैठकीवरील गंज खरवडून काढावा. हॅलोजन बल्ब स्वच्छ फडक्यानें धरावा. बोटांचें तेल त्याच्या कांचेस बाधतें. परावर्तक काळवंडला असल्यास दिवाच बदलावा. पूर्ण बंद एलईडी दिवा कुशल कारागिराकडे न्यावा.

मृगापूर्वीं पालकांनीं गाडी सायंकाळीं भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिव्यांचा प्रकाश सारखा पडतो कीं नाहीं, तें पाहावें. मुलांनीं गाडीच्या मागील बाजूस एका कडेला उभें राहून ब्रेकचा दिवा लागतो कीं नाहीं, तें सांगावें. धुक्यांतून पायीं शाळेस येणाऱ्या मुलांस येणारी गाडी दुरून दिसावी, यासाठीं एवढी घटकाभराची तसदी फार नव्हे.