कडब्याची गाडी आणि मातीचे बैल

पीकपाणी व बाजारभाव यांसाठी राखलेल्या या पानांत मुलांच्या खेळण्यांचा विषय पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आमचे बहुतेक खेळ शेतातूनच उगवत असत. सबब त्यांची नोंद शेतकऱ्यांच्याच मासिकात व्हावी, हे आम्हांस रास्त वाटते.

आमचे बालपण सोलापूरकडील काळ्या रानात, १९७० नंतरच्या दशकात गेले. सुगी आटोपून खळ्याशेजारी कडब्याची गंज रचली जाऊ लागली की आमचा कारखाना सुरू होई. सरळ, बोटाएवढे जाड ताट निवडावयाचे, विळ्याने त्याची कांडी पाडावयाची आणि दातांनी साल सोलावयाची; आत पांढरे, हलके भेंड निघे. भेंडाच्या तुकड्यांत सालीच्या काड्या टोचून गाडी उभी करावयाची. आखाला बाभळीचा काटा. सालीची धार वस्तऱ्यासारखी असे. बोट कापले नाही असा मुलगा विरळा. कापल्यावर बांधावरचा दगडीपाला चुरून त्याचा रस लावला की पुन्हा काम सुरू. या उद्योगात जू, शिवळा, साटी, आख, आरे यांची नावे व जागा आपोआप पाठ होत. शिवळ भलत्या ठिकाणी टोचली तर बैल जुवाखाली राहत नसे, आणि शेजारी सुतळी वळीत बसलेले आजोबा न बोलता ती काढून योग्य जागी बसवीत.

या कामास रब्बीची मालदांडी उत्तम. मोहोळच्या केंद्रावर निवडलेल्या मालदांडी ३५-१ या वाणाचे ताट पुरुषभर वाढते. १९६४ साली आलेली सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी धान्यास भरघोस. पण तिचे ताट बुटके. वडीलधारी माणसे वाणाची प्रतवारी भाकरीवरून व कडब्यावरून करीत, आम्ही पोरे भेंडावरून करीत असू. आमचा निकाल अर्थातच कोणी विचारीत नसे.

बेंदराच्या आदल्या दिवशी ओढ्याकाठची चिकण माती आणून घरोघर बैल केले जात. डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. तेथे मुले लाकडी बैल घेऊन घरोघर जातात व बोजारा मिळवितात. चाकांवरच्या बैलांची हौस आपल्याकडे फार जुनी असावी. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली जी ताम्रयुगीन शिल्पे सापडली, त्यांत बैलजोडी जुंपलेला रथ आहे, आणि गेंडा व रेडा हे चाकांवर उभे आहेत. ती इतकी वजनदार आहेत की मुलांची खेळणी खास नव्हेत. पण आमच्या कडब्याच्या गाडीचे ते थोर पूर्वज, असे आम्ही मानतो.

विटीदांडूत आम्ही 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे मोजीत असू. तेलुगूत एक, दोन, तीन, चार यांस ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात, हे पुढे कारकुनीत असता एका तेलुगूभाषक सहकाऱ्याकडून कळले, तेव्हा मोठी मौज वाटली. गोफणीचे मात्र निराळे. ती आधी खेळणे व मग हत्यार. दहाव्या वर्षी जो पोरगा माळावर धोंडे भिरकावीत असे, तोच बाराव्या वर्षी मचाणावर उभा राहून पाखरे राखी.

हल्लीच्या मुलाच्या हाती प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर दिसतो, त्याबद्दल आम्ही त्यास बोल लावीत नाही. आम्ही बापाच्या औताची नक्कल केली, तोही बापाच्याच औताची करतो. फरक इतकाच की त्याचे चाक निखळले तर ते बसविण्याजोगे काही त्याच्या शेतात मिळत नाही.

आम्हांस खरी चिंता आहे ती जागेची. खळी मोडली, कारण मळणी यंत्रावर गेली. त्यास इलाज नाही. पण विटी कोलावयास माळ लागतो, आणि तो माळ बहुधा गायरानाचा असे. नोकरीत असता किती गायराने कागदावर अखंड व प्रत्यक्षात चिरफळलेली पाहिली, त्याची गणती नाही. अतिक्रमण करणारे पुष्कळदा बाहेरचे नसत. शेजारचाच खातेदार दर साली नांगराचे एकेक तास पुढे सरकवी. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी राज्यांस स्पष्ट आदेश दिले आहेत. आपल्या गावची स्थिती पाहावयाची असल्यास गाव नमुना १-इ ही अतिक्रमणांची नोंदवही पाहावी. आणि नोंदवही कोरी दिसली तरी समाधान न मानता एकदा मोजणीचा नकाशा घेऊन माळावर चक्कर मारावी. जाताना घरातील मुलांस बरोबर न्यावे, आणि विटीदांडूही.