उपनगरातला आरोपी जातो कुठल्या जेलात?

अंधेरीत पकडला म्हणजे अंधेरीच्या जेलात गेला, असं अनेकजण सहज बोलून जातात. अंधेरीला जेल नाही. बोरिवली, घाटकोपर, मुलुंडलाही नाही. पोलीस ठाण्यात असतं ते लॉकअप. पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी सुरू झाली की पुरुषाची रवानगी बहुधा आर्थर रोड, ठाणे किंवा तळोजाला होते, बाईची भायखळ्याला. अठराच्या आतल्याला तुरुंगात ठेवताच येत नाही.

ठाण्याशी उपनगराचं नातं जुनं. 1920 मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा होईपर्यंत उपनगरं ज्यावर वसली ते साष्टी बेट ठाणे जिल्ह्यातच होतं. ठाण्याचा तुरुंग इंग्रजांनी बांधला असं समजतात. तो मुळात पोर्तुगीजांचा किल्ला. 1737 मध्ये तो मराठ्यांनी जिंकला, 1774 मध्ये इंग्रजांनी, आणि कैदी आत आले ते त्यानंतर. क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी फाशी झाली ती इथेच. मुंबई हल्ल्यातल्या कसाबची फाशी मात्र आर्थर रोडची नव्हे. खटला तिथे चालला, फाशी येरवड्यात झाली.

सगळ्यांत घातक समज असा, की आत आहे म्हणजे गुन्हेगारच. देशातल्या तुरुंगांत चारांपैकी साधारण तिघे कच्चे कैदी आहेत. त्यांचा खटला संपलेला नाही. 1926 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या आर्थर रोडची क्षमता बरीच वर्षं 804 ची धरलेली होती, आणि कित्येकदा आत माणसं त्याच्या तिपटीहून जास्त असत. बराकीत कुशीवर वळायलाही जागा नसते, ती कच्च्या कैद्यांच्याच गर्दीमुळे. त्यांना सक्तीचं काम नाही, कैद्याचा गणवेशही नाही. अंगावर घरचे कपडे. सकाळी बराक उघडते, गिनती होते. रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आधीच वाटतात आणि पुन्हा गिनती करून बराक बंद. चक्की पिसणं सिनेमातच राहिलं. काम असतं ते सश्रम शिक्षेच्या पक्क्या कैद्यांना, आणि त्याची मजुरी मिळते. नाशिकरोडच्या कारागृहात तर ते गणपतीच्या मूर्ती घडवतात.

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, त्यातही दिवस-रात्र वेगळे मोजतात’ हे रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे सांगतात. दोन्ही खोटं. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं. खुनासारख्या, फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात सरकार शिक्षा कमी करू शकतं, पण चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सोडू शकत नाही. चौदाचा आकडा आला तो इथून. चौदा वर्षांनी दार आपोआप उघडत नाही.

जामिनाचंही तसंच. कोर्टात ‘मंजूर’ ऐकलं की घरचे पेढे आणतात. पण जामीनदार, कागदपत्रं, मग सुटकेचा आदेश जेलपर्यंत पोचणं, एवढं सारं बाकी असतं. आर्थर रोडबाहेर हे आदेश टाकायला जामीनपेटी ठेवलेली असते. ऑक्टोबर 2021 मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात पेटी उघडायची संध्याकाळची वेळ टळल्यावर कागद पोचले आणि आरोपीला आणखी एक रात्र आत काढावी लागली. त्याच्या दिमतीला नामांकित वकिलांची फौज होती.