छर्रा जत्रेतलाच, पण नेम अर्ध्या मिलिमीटरचा. मुलांसाठी शूटिंग रेंज कशी निवडाल?

महाकालीची यात्रा असो की मार्कंड्याची जत्रा, फुगे फोडायच्या बंदुकीभोवतीची गर्दी चंद्रपूर-गडचिरोलीतल्या जुन्या पिढीला आठवते. नेम चुकला की ‘नळीच वाकडी’ ही तक्रार ठरलेली, कधीकधी खरीही! शिकारीची बंदूक १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मागे पडली. आता मुलांच्या हाती एअर रायफल येते. तिचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा, अंतर १० मीटर आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. म्हणून रेंज निवडताना फी नव्हे, आधी शिस्त पाहा. लक्ष्याकडे कोणी गेले असताना रायफल रिकामी करून खाली ठेवतात का? छर्रे अडवणारी भिंत भक्कम आहे का? उसळलेला छर्रा डोळा घालवू शकतो. चष्म्याचा आग्रह न धरणारा प्रशिक्षक असेल, तर तिथूनच परत फिरा.