विश्व नाइन-बॉल अजिंक्यपद स्पर्धा

विश्व नाइन-बॉल अजिंक्यपद स्पर्धा ही पूल बिलियर्ड्सच्या नाइन-बॉल प्रकारातील प्रमुख आंतरराष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा आहे. तिला जागतिक पूल-बिलियर्ड संघटनेची मान्यता आहे. पहिली स्पर्धा १९९० साली जर्मनीतील बर्गहाइम येथे झाली. अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंड याने ती जिंकली.

स्वरूप

या प्रकारात १ ते ९ क्रमांकांचे चेंडू असतात. पांढऱ्या चेंडूचा पहिला स्पर्श टेबलावरील सर्वांत कमी क्रमांकाच्या चेंडूला व्हावा लागतो. ९ क्रमांकाचा चेंडू नियमानुसार पॉकेटमध्ये टाकणारा खेळाडू डाव जिंकतो. त्यामुळे आधीचे आठही चेंडू टाकणारा खेळाडू डाव गमावू शकतो.

इतिहास

१९९९ मध्ये या नावाच्या दोन स्पर्धा झाल्या. मॅचरूम स्पोर्ट या कंपनीने वेल्समधील कार्डिफ येथे भरवलेली स्पर्धा फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने जिंकली, तर संघटनेची स्पेनमधील आलिकांते येथील स्पर्धा अमेरिकेच्या निक वार्नरने. पुढे संघटनेने रेयेसचे विजेतेपदही मान्य केले. त्यामुळे त्या वर्षाच्या नोंदीत दोन विजेते आढळतात. २००५ मध्ये तैवानमधील काओश्युंग येथे स्थानिक खेळाडू वू ज्या-छिंग वयाच्या १६व्या वर्षी विश्वविजेता ठरला.