समुद्राकाठची घरे आणि आपली माळवदे

चिमणीला घरटे असते, मुंगीला वारूळ असते, तसे माणसाला घर असते. पण सगळीकडची घरे सारखी नसतात. असे का, ते मी सांगणार आहे.

माझे मामा रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षक आहेत. दिवाळीला त्यांनी तिकडच्या जुन्या घरांचे फोटो आणले. समुद्राकाठच्या घरांची छपरे उतरती असतात आणि वर लाल कौले असतात. आपल्याकडे मात्र सपाट माळवद. याचे कारण पाऊस! बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी 65 ते 70 सेंटिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत 300 सेंटिमीटरच्या वर पडतो. तिथे माळवद बांधले तर चिखल होऊन खाली येईल. उतरत्या छपरावर पाणी थांबतच नाही.

पूर्वी तिकडे घरे गवताने शाकारत. 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना निघाला. त्या कौलांना मंगलोरी कौले म्हणतात. भिंती जांभ्या दगडाच्या असतात. हा लाल दगड खाणीत मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे कापता येतात. वारा लागला की तो कठीण होतो.

रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली पकडले आणि पुढे रत्नागिरीला आणून ठेवले. त्याच्यासाठी 1910 च्या सुमारास हा तीन मजली वाडा बांधला. 1916 साली राजा तिथेच वारला. त्या वाड्याचे छप्परसुद्धा उतरतेच आहे. पाऊस काही राजाला ओळखत नाही!

आता आपले माळवद पाहू. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, त्यावर पाला आणि वर फूट-दीड फूट माती. सगळ्यात वर पांढरी माती. ती भिजली की घट्ट बसते, मग पाणी खाली येत नाही. पाणी पन्हळीतून बाहेर पडते. उन्हाळ्यात माळवदाखाली गार वाटते. पत्र्याखाली दुपारी बसवत पण नाही.

पण माळवद फार जड असते. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तिथल्या भिंती जाड होत्या, पण दगड नुसत्या मातीत रचलेले होते. भिंती ढासळल्या आणि हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. म्हणून भिंतीत अधूनमधून आरपार जाणारा लांब दगड घालावा, म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजू धरून राहतात.

आपल्या गावची पुष्कळ माणसं ऊसतोडीला जातात. सहा महिने घराला कुलूप असते. माळवदावर गवत उगवते, उंदीर बिळे करतात. मग पहिल्या मोठ्या पावसात पाणी भिंतीत मुरते. गेल्या वर्षी आमच्या आळीत एक भिंत अशीच पडली. दोन शेळ्या मेल्या. माणसं ओसरीत होती म्हणून वाचली. आजी म्हणते, माळवद म्हातारं झालं तरी चालतं, पण त्याला इसरू नये.

म्हणून आई-बाबांनो, मृग निघायच्या आधी माळवदावर चढून बघा. गवत उपटा, बिळे बुजवा, पांढरी माती टाका, पन्हळ साफ करा. भिंत फुगलेली दिसली तर तिच्याजवळ लेकरांना झोपवू नका.