नदी भरून वाहतेय, मग काळजी कसली? काश्मीरच्या बर्फाचा हिशेब मांडणारे प्रा. शकील रोमशू

आपल्याकडे उन्हाळा म्हणजे नद्या आटण्याचे दिवस. मे महिन्यात मराठवाड्यात नदीचं पात्र कोरडं पडतं आणि मुलं त्यात क्रिकेट खेळतात. काश्मीरमध्ये नेमकं उलटं होतं. जसजसं ऊन वाढतं, तसतशी पहलगामची लिद्दर नदी फुगत जाते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे जाऊन आलेल्या अनेकांनी तिच्या काठावर उभं राहून फोटो काढले असतील. पाणी इतकं थंड, की पाय बुडवला तरी काही सेकंदांत बाहेर काढावा लागतो.

हे पाणी येतं कुठून? त्यात डोंगरावरचा हिवाळी बर्फ असतो, पाऊस असतो, झरे असतात आणि हिमनद्यांचंही पाणी असतं. लिद्दरच्या उगमाकडे कोलाहोई नावाची मोठी हिमनदी आहे. तिचं पाणी लिद्दरला मिळतं, लिद्दर झेलमला मिळते आणि झेलम पुढे सिंधूच्या खोऱ्यात जाते. भात, सफरचंद, पिण्याचं पाणी, वीज हे सगळं या साखळीवर उभं आहे.

पण नदी भरून वाहतेय म्हणजे वर डोंगरात सगळं ठीक आहे, असं समजायचं का? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात काश्मीरच्या एका शास्त्रज्ञाने अनेक वर्षं घालवली आहेत. त्यांचं नाव प्रा. शकील अहमद रोमशू. काश्मीर विद्यापीठात ते भूविज्ञानाचे प्राध्यापक होते आणि पुढे अवंतीपोरा इथल्या इस्लामिक युनिव्हर्सिटी ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीचे कुलगुरू झाले. त्यांच्या कामातून जे समोर आलं, ते आम्ही इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

हिमनदी म्हणजे बँकेतली ठेव

आधी हिमनदी म्हणजे काय ते समजून घेऊ. डोंगरावर पडलेला सगळा बर्फ उन्हाळ्यात वितळत नाही. उंचावर थोडा शिल्लक राहतो. त्यावर पुढच्या वर्षीचा थर बसतो, मग त्याच्या पुढच्या वर्षीचा. वरच्या वजनाने खालचा बर्फ दाबला जाऊन काचेसारखा घट्ट होतो आणि स्वतःच्याच भाराने उतारावरून अगदी हळूहळू सरकू लागतो. म्हणून तिला नदी म्हणायचं.

घरखर्चाच्या भाषेत सांगायचं तर दरवर्षी पडणारा हिवाळी बर्फ हा पगार आणि हिमनदी ही बँकेतली ठेव. पगार चांगला झाला तर ठेवीत भर पडते. पगार कमी आणि खर्च जास्त झाला, की ठेव मोडावी लागते. गंमत अशी, की ठेव मोडत असताना घरात पैशांची चणचण जाणवत नाही. उलट हातात पैसा खुळखुळतो. चणचण जाणवते ती ठेव संपत आल्यावर.

नदीचंही तसंच आहे. तापमान वाढलं की हिमनदी जास्त वितळते आणि नदीला काही वर्षं जास्त पाणी मिळतं. लोकांना वाटतं, पाणी तर वाढलंय! पण हिमनदीच लहान झाली, की वितळायला बर्फ उरत नाही आणि पाणी घटू लागतं. म्हणजे आधी वाढ, मग शिखर आणि त्यानंतर उतार. लिद्दरच्या खोऱ्यातला बर्फ आणि नदीचा प्रवाह यांचा एकत्र अभ्यास करून रोमशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. बर्फ कमी होतोय आणि त्याबरोबर प्रवाहही घटत चाललाय, असा त्याचा निष्कर्ष होता.

मागे सरली, तुटली आणि पातळही झाली

हिमनदी मागे हटल्याचं डोळ्यांना दिसतं. कालपर्यंत जिथे बर्फाचं टोक होतं, तिथे आज दगडगोटे दिसतात. कोलाहोईचंच उदाहरण घ्या. १९६० च्या दशकापासून आतापर्यंत तिचं जवळपास पाव क्षेत्र गेलं आहे आणि ती लहान लहान तुकड्यांमध्ये विभागली गेली आहे.

पण हिमनदी वरून पातळ होत जाते, ते डोळ्यांना दिसत नाही. साबणाची वडी आठवा. रोज वापरताना तिची लांबी-रुंदी फारशी बदललेली वाटत नाही, पण जाडी कमी होत असते. मग एक दिवस ती मधोमध मोडते. म्हणून खरा हिशेब जाडीचा.

तारिक अब्दुल्ला, शकील रोमशू आणि इरफान रशीद या तिघांनी तो हिशेब मांडला. २०२० मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. सिंधूच्या वरच्या खोऱ्यातल्या, म्हणजे जम्मू-काश्मीर आणि लडाख भागातल्या १२,२४३ हिमनद्या त्यांनी तपासल्या.

एवढ्या हिमनद्यांवर चालत जाणं कुणालाही शक्य नाही. कित्येक तर नियंत्रण रेषेजवळ किंवा तिच्या पलीकडे आहेत. म्हणून त्यांनी अवकाशातून घेतलेली मोजमापं वापरली. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या 'एन्डेव्हर' या अवकाशयानाने रडार लावून पृथ्वीच्या मोठ्या भागाच्या उंचीचा नकाशा केला होता. पुढे जर्मनीच्या जुळ्या उपग्रहांनीही तसंच काम केलं. २००० चा नकाशा आणि २०१२ चा नकाशा एकमेकांवर ठेवायचा आणि त्याच जागेची उंची किती कमी झाली ते पाहायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात रडारचे किरण बर्फाच्या आत शिरतात, त्यामुळे मोजमाप चुकू शकतं. ती चूक काढून टाकण्यात मोठी मेहनत असते.

उत्तर आलं, वर्षाला सरासरी ३५ सेंटिमीटर. म्हणजे साधारण हातभर लांबीच्या पट्टीएवढं. वाचायला किरकोळ वाटतं. पण १२ वर्षांचा गुणाकार केला की ४ मीटरच्या वर जातं. एक मजली घराच्या उंचीपेक्षाही जास्त बर्फ, तोही हजारो हिमनद्यांवरून! हा आकडा देताना संशोधकांनी तो किती कमी-जास्त असू शकतो हेही नोंदवलं आहे आणि ती मर्यादा बरीच मोठी आहे. पण दिशा स्पष्ट आहे, बर्फ कमी होतोय.

सगळीकडे सारखं नाही

या अभ्यासातली आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे सरासरीच्या आत दडलेला फरक. पीर पंजाल रांगेत हिमनद्या वर्षाला एक मीटरहून जास्त पातळ होत होत्या. काराकोरममध्ये मात्र हे प्रमाण जेमतेम १० सेंटिमीटरच्या आसपास होतं.

असं का? पीर पंजालच्या हिमनद्या लहान आहेत आणि तुलनेने कमी उंचीवर आहेत. तापमान थोडं वाढलं, तरी त्यांना लगेच झळ बसते. काराकोरमचे डोंगर जास्त उंच, तिथे थंडी जास्त आणि हिवाळ्यात बर्फही चांगला पडतो. काही हिमनद्यांवर दगड-मातीचा जाड थर असतो. तो चादरीसारखा उष्णता अडवतो. म्हणून काराकोरमची एखादी हिमनदी दाखवून कुणी "बघा, काही झालं नाही" म्हणालं, तर तेही अर्धसत्य. आणि पीर पंजालचा आकडा साऱ्या हिमालयाला लावला, तर तेही अर्धसत्यच.

चिल्लई कलान आणि काजळी

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला चिल्लई कलान म्हणतात. या दिवसांत पडलेला बर्फ घट्ट बसतो आणि उन्हाळ्यापर्यंत टिकतो. तोच बर्फ फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये पडला, तर लगेच वितळून जातो. बर्फाऐवजी पाऊस पडला, तर पाणी त्याच दिवशी वाहून जातं. म्हणजे आकाशातून तेवढंच पाणी आलं, तरी मे-जूनमध्ये भाताची रोपं लावताना ते शेतात नसतं. काश्मीरमध्ये भाताच्या जागी सफरचंदाच्या बागा वाढत आहेत. त्यामागे बाजारभाव आहेच, पण पाण्याची ओढ हेही एक कारण असल्याचं अभ्यासक सांगतात. वाशीच्या बाजारात येणाऱ्या सफरचंदाच्या पेटीमागे अशीही एक कहाणी आहे.

दुसरं कारण काजळी. ताजा पांढरा बर्फ सूर्याचा बहुतेक प्रकाश परत पाठवतो. पण डिझेलचा धूर, कोळसा, लाकूड आणि वणवे यांची काजळी त्यावर बसली, की बर्फ काळवंडतो आणि उष्णता शोषू लागतो. काळा शर्ट घालून उन्हात उभं राहिल्यासारखंच. जगाचं तापमान एका गावाच्या हातात नसतं, पण काजळीचा काही भाग तरी स्थानिक लोकांच्या आणि प्रशासनाच्या हातात असतो.

एका चुकीच्या आकड्याचा धडा

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीने २००७ च्या अहवालात लिहिलं, की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात. जगभर मथळे झाले. पण या वाक्याला पक्का शास्त्रीय आधार नव्हता. जानेवारी २०१० मध्ये समितीने चूक मान्य केली. मग काहींनी उलटी बोंब सुरू केली, की हिमनद्या वितळतात हेच खोटं!

दोन्ही टोकं चुकीची. एक तारीख चुकली म्हणून बर्फ वितळायचा थांबला नाही. त्या चुकीला खरं उत्तर रोमशूंसारख्यांच्या कामाने दिलं. घोषणा न करता एकेक हिमनदी मोजून.

आज चित्र जास्त स्पष्ट आहे. काठमांडूच्या आयसीमॉड या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदूकुश-हिमालयातल्या हिमनद्यांनी २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने बर्फ गमावला. तापमानवाढ दीड ते दोन अंशांवर रोखली, तर शतकाच्या अखेरीस ३० ते ५० टक्के बर्फ जाईल. रोखली नाही, तर ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. या डोंगरांत सुमारे २४ कोटी लोक राहतात आणि खालच्या खोऱ्यांत १६५ कोटी. ३० टक्के आणि ८० टक्के यांमधलं अंतर म्हणजेच आपल्या हातात उरलेली गोष्ट.

मोजणारे हात हवेत

सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये हिमनदीजवळचं दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं आणि तीस्ता नदीवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. बर्फ वितळून मागे साठलेलं पाणी काय करू शकतं, ते तेव्हा देशाने पाहिलं. अशा सरोवरांवर लक्ष ठेवायचं, धरणं कुठे बांधायची, कोणत्या गावाला कधी इशारा द्यायचा, हे सगळं मोजमापावरच ठरतं. उपग्रह वरून पाहतो, पण बर्फात खुंट्या रोवून कितीने उघडी पडली ते वाचायला माणूसच लागतो. श्वास लागणाऱ्या उंचीवर, दरवर्षी, त्याच जागी.

आमच्या वाचकांमध्ये बारावी विज्ञानाची अनेक मुलं-मुली आणि त्यांचे पालक आहेत. डॉक्टर-इंजिनीअरच्या पलीकडे भूविज्ञान, जलविज्ञान, उपग्रह चित्रांचा अभ्यास अशाही वाटा आहेत, हे त्यांनी जरूर लक्षात घ्यावं. काश्मीरमधल्या एका माणसाने आपल्याच दारातल्या नदीचा प्रश्न घेतला आणि त्याचं उत्तर जगाच्या विज्ञानात नोंदवलं. आपल्या गावातली विहीर, आपल्या तालुक्यातलं धरण हेही असेच प्रश्न आहेत.

आणि पुढच्या वेळी लिद्दरच्या काठावर फोटो काढाल, तेव्हा एवढं मात्र आठवा. समोर खळाळणारं पाणी दरवर्षीच्या पगारातलं आहे की मोडलेल्या ठेवीतलं, हे नदीकडे बघून कळत नाही. त्यासाठी वर, बर्फाकडे बघावं लागतं.