विश्लेषण : आई-वडिलांना जळगावचा रथ दाखवायचाय, पण गर्दीचे काय?

दिवाळीला पुण्या-मुंबईहून जळगावला आलेल्या अनेक मुलांपुढे दरवर्षी हाच पेच असतो. भाऊबीज उरकलेली असते, परतीचे तिकीट काढलेले असते आणि सत्तरी ओलांडलेली आई म्हणते, 'रथ होईपर्यंत थांब ना, मलाही घेऊन चल.' नाही म्हणवत नाही आणि गुडघेदुखी, बीपी, शुगर असताना त्या गर्दीत न्यायचीही भीती वाटते. मग शेवटी आई घरीच राहते आणि मुले मोबाइलवर व्हिडीओ दाखवतात. थोडे नियोजन केले तर ही वेळ टाळता येते. ते कसे, ते पाहू.

रथोत्सव नेमका कधी असतो?

जळगावच्या श्रीराम रथोत्सवाची परंपरा १८७२ पासूनची. अप्पा महाराजांनी तो सुरू केला. कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे लक्ष्मीपूजनानंतर साधारण अकरा-बारा दिवसांनी, जुन्या जळगावातील श्रीराम मंदिरापासून रथ निघतो. दुपारी निघालेला रथ पेठांमधून फिरून रात्री उशिरा परततो. वाटेत भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या समाधीजवळ तो थांबतो. हा क्षण पाहण्यासाठी अनेक जण मुद्दाम येतात.

मात्र हा सोहळा एका दिवसाचा नाही. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज वहनोत्सव असतो. घोडा, हत्ती, सिंह अशी वेगवेगळी वहने संध्याकाळी निघतात. वयस्कर आई-वडिलांसाठी नियोजन करताना हीच गोष्ट सर्वांत उपयोगाची ठरते.

रथाच्या दिवशी धोका नेमका कुठे असतो?

रथाला स्टिअरिंग नसते आणि ब्रेकही नसतो. भाविक दोरखंडाने तो ओढतात आणि चाकाखाली लाकडी मोगरी लावून त्याची दिशा व वेग सांभाळला जातो. त्यामुळे चाकाजवळची आणि दोराजवळची जागा ज्येष्ठांसाठी नाहीच. चौकातल्या वळणावर रथ वळवायला वेळ लागतो. पुढची गर्दी थांबते, मागची मात्र येतच राहते. म्हणून वळणाच्या कोपऱ्यावरही उभे राहू नये.

गर्दीचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटर जागेत दोन-तीन माणसे असतील तर प्रत्येकाला आपल्या मनाने हलता येते. चार झाली की खांद्याला खांदा लागतो. पाचच्या पुढे माणूस स्वतः चालत नाही, गर्दी त्याला नेते. तरुण माणूस अशा वेळी तोल सावरतो. काठी घेतलेल्या किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला ते जमत नाही. २००३ मध्ये नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ जणांचा मृत्यू झाला. २००५ मध्ये साताऱ्याजवळ मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक भाविक दगावले. दोन्ही ठिकाणी वाट अरुंद होती आणि मागून रेटा वाढत गेला.

लक्षात ठेवायची खूण एकच. दोन्ही खांद्यांना अनोळखी माणसांचे खांदे लागू लागले की निघायची वेळ झाली. गर्दीच्या उलट दिशेने न जाता तिरके सरकत कडेला, एखाद्या ओट्याकडे किंवा गल्लीकडे जावे.

मग आई-वडिलांना न्यायचे कधी?

तीन पर्याय आहेत.

पहिला, रथाऐवजी वहनाची संध्याकाळ. देव तोच, पेठाही त्याच आणि गर्दी मात्र रथाच्या मानाने बरीच कमी. त्या दिवशीचे वहन कोणत्या भागातून जाणार, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे.

दुसरा, एकादशीला सकाळी लवकर मंदिरात दर्शन घेऊन रथ हलण्याच्या बऱ्याच आधी घरी परतणे.

तिसरा, मार्गावरच्या नातेवाइकांचे घर. जुन्या जळगावात मामाचा ओटा किंवा आत्याची गच्ची असेल तर सकाळीच आई-बाबांना तिथे पोहोचवावे. रस्ते बंद झाल्यावर रिक्षाही आत जात नाही. परतीचीही घाई नको. रथ पुढे गेल्यावर अर्धा-पाऊण तास तिथेच बसून राहावे. स्वच्छतागृह असलेले घर मिळाले तर निम्मी काळजी मिटते. बाहेर सोय नाही म्हणून अनेक ज्येष्ठ, विशेषतः महिला, पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर येते.

एकादशीचा उपवास आणि गोळ्या यांचे काय?

हा मुद्दा हमखास विसरला जातो. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेऊन दिवसभर उपवास केला तर साखर अचानक खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही त्याची लक्षणे आहेत. गर्दीत ती थकवा समजून दुर्लक्षित होतात. दुसरीकडे साबुदाण्याने साखर चढते. त्यामुळे उपवासाच्या दिवशी कोणती गोळी किती आणि केव्हा घ्यायची, हे आधीच डॉक्टरांना विचारावे. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असू द्यावी.

चुकामूक झाली तर?

हजारो मोबाइल एकाच टॉवरवर आले की फोन लागत नाही, लाइव्ह लोकेशनही अडकते. म्हणून निघतानाच भेटण्याची एक जागा ठरवावी. ती मार्गापासून दोन गल्ल्या आत असावी. आई-वडिलांच्या खिशात कागदाची चिठ्ठी ठेवावी. त्यावर नाव, दोन फोन नंबर, आजार आणि चालू गोळ्या लिहाव्यात. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या मदतीसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत.

आले आहेतच, तर आणखी काय दाखवता येईल?

रथाच्या आदल्या किंवा नंतरच्या दिवशी जैन हिल्सवरील गांधी तीर्थ पाहता येते. २०१२ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय निवांत, सावलीत फिरण्यासारखे आहे. अजिंठा लेणी जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर. सोमवारी ती बंद असतात. खासगी गाड्या फर्दापूरजवळ थांबतात आणि तिथून बसने जावे लागते. पुढे पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीची सोय असते, भाडे आधी ठरवून घ्यावे. सगळी लेणी पाहण्याचा हट्ट नको. एक, दोन, सोळा आणि सतरा ही चार पाहिली तरी भरपूर आहे.

जळगावहून धुळे सुमारे ९० किलोमीटर. तिथे राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जपणारे समर्थ वाग्देवता मंदिर ही दोन शांत ठिकाणे आहेत. पांझरेकाठच्या एकवीरा देवीला नवरात्रात आणि चैत्र यात्रेत मोठी गर्दी असते, म्हणून दर्शनाला साधा वार निवडावा. अमळनेरला मंगळग्रह मंदिरात मंगळवार टाळावा. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरणाऱ्या सखाराम महाराजांच्या यात्रेला जायचे तर सकाळी नऊच्या आत परत फिरावे. त्या दिवसांत खान्देशचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो.

प्रवास खर्चात सवलत मिळते का?

एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत, तर ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे तिकीट आहे. महिलांना सर्व वयोगटांत निम्मे भाडे. वयाचा पुरावा सोबत हवा. रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. मात्र आरक्षण करताना वय अचूक टाकल्यास खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते.

शेवटी ठरवायचे कोणी?

आई-वडिलांनीच. 'तुम्हाला झेपणार नाही' असे सांगण्याऐवजी तिन्ही पर्याय त्यांच्यापुढे ठेवावेत. आईला कदाचित रथापेक्षा माहेरच्या पेठेतले वहनच पाहायचे असेल. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे आणि खान्देशातून हजारो ज्येष्ठ तिकडे जातील. तेव्हाही हेच सूत्र लागू पडेल : मुख्य स्नानाचा दिवस सोडून आधीचा किंवा नंतरचा दिवस धरा, परतीची वाट आधी ठरवा आणि चिठ्ठी खिशात ठेवा.